धुतलेली माती

साहेब, माती तुम्ही मारलीत. चुकून नाही, नकळत नाही. चांगला साबण लावून मारलीत आणि वर टाळ्या घेतल्यात. आता खुर्ची सरळ करून बसा आणि ऐका.

ती माती जिच्या वावरातली, तिला सगळे मावशी म्हणत. स्वभावानं तिखट, पण कौतुकाची भुकेली. मातीचं आरोग्य जपायची मोहीम घेऊन तुमची माणसं आली आणि तिच्या वावरात उकिडवी बसली. एकानं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, नाकाशी नेलं. "अशी माती अख्ख्या भागात नाही," म्हणाला. झालं! मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"हिचं संरक्षण करायला हवं," तो म्हणाला.

"करा की!" मावशीला वाटलं, कुंपण घालतील. फार तर पाटी लावतील.

दुसऱ्या दिवशी ट्रक आले. वरची वीतभर माती खरवडली, भरली आणि संरक्षणासाठी तुमच्या ऑफिसात नेली. खाली पिवळा मुरूम उघडा पडला, सोलवटलेल्या गुडघ्यासारखा. बांधावर मावशीची थोरली नणंद उभी होती. तिनं लग्न केलं नव्हतं, भावाच्याच घरी राहायची, आणि तिच्या जिभेला धार लावावी लागत नसे.

"वहिनी, अजून कुणी कौतुक करणार असेल तर सांग. घराचं छप्पर शिल्लक आहे."

"वन्सं, गप बसा. आणतील परत."

परत कुणी काही आणलं नाही. इकडे मावशीनं घेवड्याचं बी भिजत घातलेलं. भिजलेलं बी कुणासाठी थांबत नाही. पेरलं तर उगवतं, ठेवलं तर कुजतं. शेवटी ते ओल्या फडक्यात बांधून दोघी तुमच्या ऑफिसात आल्या.

कारकुनानं त्यांना चपला काढायला लावल्या, डोक्याला टोप्या घालायला दिल्या. "हळू बोला हं. मातीला आवाज सोसत नाही." आत भलामोठा हॉल, एसी घुमतोय, भिंतीला फळ्या, फळ्यांवर झाकणाचे डबे आणि डब्यांत पिठासारखी पांढुरकी भुकटी. मावशीनं एक झाकण उघडून वास घेतला. साबण!

"ही माझी नाही."

"तुमचीच. फक्त धुतलीय," कारकून खुशीत म्हणाला. "काय घाण होती हो मावशी! सडका पाला, शेण, मुळ्या, किडे. गांडुळं तर पोती भरभरून निघाली. मग भट्टीत भाजली. डोळ्यांना न दिसणारे जंतूसुद्धा गेले."

"गांडुळं कुठायत माझी?"

"ती प्राणी खात्याकडे. पाला सफाई खात्याकडे. शेणावरून वाद चाललाय, दोन्ही खाती घेईनात."

"आणि अक्कल कुठल्या खात्यात जमा केलीत?" नणंदेनं विचारलं.

कारकून खरोखर विचारात पडला. "बघून सांगतो," म्हणाला.

तेवढ्यात तुम्ही आलात. माती कशाला परत हवी म्हणून विचारलंत. पेरायला, असं मावशी म्हणाली, तर तुम्ही छातीवर हात ठेवलात.

"पेरायला? अहो, पिकानं माती झिजते! मातीचा सगळ्यात मोठा शत्रू शेती. आमच्या पाहणीत जेवढी खराब माती सापडली, तेवढी सगळी शेतातच सापडली."

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर जास्त संताप येतो. गोण्याच्या गोण्या खत ओतून, कापणीनंतर उरलेलं काड जाळून, उन्हात उघडी टाकून माणसं माती मारतातच. त्यांच्या बांधावर तुम्ही फिरकला नाहीत. जिनं मारली नाही, तिचीच उचललीत.

मावशीनं डबा उचलला आणि तुमच्या चकचकीत फरशीवर पालथा केला. फडक्यातलं चार दाणे बी त्यात खोचलं, पाण्याच्या जारमधून पेलाभर पाणी ओतलं. पाणी मुरेना. भुकटीचा लगदा झाला, वर साय धरली आणि एसीच्या वाऱ्यानं वाळून तिची खपली झाली. मावशीनं बोटानं टिचकी मारली. टक्क वाजलं.

"बघा, कशी गुळगुळीत!" तुम्ही म्हणालात.

जन्मात कधी शिवीसाठी न अडलेल्या मावशीला त्या वेळी एकही शिवी सुचली नाही. ती तिथंच फरशीवर बसली. तेव्हा मात्र तुम्ही जरा चपापलात. "असं करू. थोडा पाला घालू, थोडं शेण घालू, गांडुळं परत मागवू. होईल पहिल्यासारखी."

"कधी होईल ते मी सांगते," नणंद पुढं आली. आता तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "माझी आई लग्न होऊन आली तेव्हा त्या वावरात असाच मुरूम होता. तिनं डोक्यावरून पाट्या वाहिल्या, पाल्याच्या, शेणाच्या. काडाला कुणाला काडी लावू दिली नाही. लोक हसायचे. केस पिकायला लागले तेव्हा कुठं पहिलं गांडूळ दिसलं. ते ओंजळीत धरून घरभर दाखवत फिरली. ती गेली तेव्हा माती वीतभर झाली होती."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"साहेब, त्या मातीत एक अख्खी बाई गेलीय. आता परत एक जाईल. माझ्यात तेवढं उरलेलं नाही, वन्संमध्येही नाही. मग कुणाचं आयुष्य घालायचं? तुमचं? तुमच्या लेकीचं?"

तुम्ही कारकुनाकडे बघितलंत. कारकुनानं छताकडे बघितलं.

मावशी अजून तुमच्यासमोर उभी आहे. इकडेतिकडे बघू नका. नाव सांगा.