भरदुपारी पेटवलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी निऑनची पाटी आहे. वाकवलेल्या काचेच्या नळ्या, आत भरलेला वायू आणि मागे हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, एवढेच माझे शरीर. वीज सोडली की माझ्यावर 'लोरेटाज' अशी तांबडी अक्षरे उजळतात आणि त्यांच्याखाली एक निळा मासा. माशाला दोन शेपट्या आहेत. एक पेटते तेव्हा दुसरी विझते, त्यामुळे तो शेपूट हलवतो आहे असे वाटते. आज मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, एका छोट्या संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि काय गोड दिवस होते ते, असे म्हणतात. त्या दिवसांत माझ्या हातून काय घडले, हे त्यांना ठाऊक नाही.

माझा जन्म १९४८ साली मिल्वॉकीत झाला. युरेक नावाच्या कारागिराने मला घडवले. तो काचेची नळी ज्योतीवर धरायचा, तिच्या एका टोकाला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून हळूच फुंकर घालायचा आणि काच मऊ झाली की कागदावर काढलेल्या रेषेबरहुकूम वाकवायचा. माशाचे तोंड तीनदा फुटले. चौथ्यांदा जमले, तेव्हा त्याच्या बायकोने मासा हसतोय असे सांगितले. युरेक म्हणाला की मासे हसत नाहीत, काच जरा जास्त वाकली आहे.

मला विकत घेतले आल्विन झिल्केने. नदीकाठच्या गावात कागदाची गिरणी होती आणि गिरणीच्या रस्त्यावर आल्विनचा बार. बारला त्याने बायकोचे, लोरेटाचे नाव दिले होते. मला टांगले त्या दिवशी त्याने लोरेटाला रस्त्याच्या मधोमध उभे करून बटण दाबले. आपले नाव एवढे मोठे पाहून ती लाजली आणि आत पळाली.

पहिली पंधरा वर्षे माझी फार कौतुकाची गेली. शुक्रवारी बारमध्ये तळलेले मासे, राय नावाच्या धान्याचा काळसर पाव आणि कोबीची कोशिंबीर मिळायची. रांग रस्त्यापर्यंत यायची. गाडीत बसलेली लहान मुले माझ्या माशाच्या शेपटीचे फटकारे मोजायची. मी गर्वाने फुगले होते, हे कबूल करते.

माझी खरी निगा मात्र एकच माणूस राखत असे. त्याचे नाव एमिल व्राना. तो गिरणीत कागदाच्या यंत्रावर होता. त्या यंत्राच्या घरघरीने त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजवा अर्धा. एक्केचाळीस वर्षांचा झाला तरी लग्न झाले नव्हते. म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. लोकांना दोनदा बोलायला लावणे त्याला जड वाटे, म्हणून तो फारसा बोलत नसे. ऐकू आले नाही की नुसता हसायचा. जून महिन्यात नदीवरचे पंखवाले किडे माझ्यावर थरच्या थर चिकटत. कोणी न सांगता एमिल शिडी लावायचा आणि जुन्या सदऱ्याच्या मऊ फडक्याने, व्हिनेगरच्या पाण्याने मला पुसायचा. माझे सांधे कुठे नाजूक आहेत हे त्याच्या बोटांना ठाऊक होते.

ड्वेन हॅल्वरसन त्याच गिरणीत मुकादम होता. गावातला सर्वांत हसरा माणूस असा त्याचा लौकिक होता. १९६३च्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यातून एक गंमत निघाली. साठ मैलांवरच्या गावातली हेलन नावाची एक बाई, जी मुळात नव्हतीच, एमिलला पत्र लिहिते, जत्रेत तुम्हाला पाहिले होते असे कळवते. लोरेटाचे अक्षर सुंदर होते. ड्वेनने तिला गळ घातली, आल्विनने आग्रह केला आणि तिने हसत हसत पहिले पत्र लिहिले.

एमिलने उत्तर पाठवले. ड्वेनने त्या गावच्या टपाल कचेरीत एक पेटी घेऊन ठेवली होती. एमिल पाळीवर असला की त्याची पत्रे बारमध्ये मोठ्याने वाचली जायची. जे त्याने कोणाला सांगितले नव्हते ते सगळे त्यांत होते. रात्री अंथरुणात यंत्र अजून कानात चालू असते, हे होते. आईच्या मागे घरात बोलायला कोणी उरणार नाही, हेही होते. वाचणारा ड्वेन आवाज काढून वाचायचा आणि बार खदखदायचा. चौथ्या पत्रानंतर लोरेटा म्हणाली की आता पुरे. आल्विनने तिची समजूत घातली की आणखी एकच. त्या शेवटच्या पत्रात हेलनने लिहिले की ती ऑक्टोबरातल्या शनिवारी बसने येईल. बारमध्ये बसेल. ती आली की मालक भरदुपारी पाटी पेटवील, म्हणजे एमिलला कळेल.

त्या शनिवारी दुपारी एमिल समोरच्या हार्डवेअरच्या दुकानापाशी उभा होता. अंगात नवा तपकिरी सूट. हातात कागदाची पिशवी, तिच्यात आईने पहाटे उठून भाजलेले आलुबुखाराचे गोड पाव. आल्विनने बटण दाबले. उन्हात मी फिकी दिसते. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलेही नसते. पण एमिल माझ्याकडेच बघत होता. त्याने टाय सरळ केला आणि रस्ता ओलांडला.

आत वीस-पंचवीस माणसे दबा धरून होती. काउंटरपाशी उंच स्टुलावर फुलाफुलांचा झगा आणि बायकी केसांचा टोप घालून, ओठांना लाली लावून ड्वेन बसला होता. दार उघडताच असा हशा उठला की माझ्या नळ्या थरथरल्या. एमिलही हसला. मग तो ड्वेनजवळ जाऊन म्हणाला,

"छान दिसतोस, ड्वेन. पण ती यायच्या आधी हे काढून ठेव बाबा. घाबरेल ती."

मित्रांनो, त्याला वाटले होते की या लोकांना कुठून तरी कुणकुण लागली आणि म्हणून ते चिडवत आहेत. हेलनबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. पाटी जरा लवकर लागली असेल, बसला उशीर झाला असेल. तो खिडकीपाशी, माझ्या अगदी मागे, पिशवी मांडीवर घेऊन बसला. हशा पुन्हा उसळला, मग तुटक झाला, मग थांबला. ड्वेनने जाता जाता विचारले, "मग एमिल, लग्नात मासे कोण तळणार? आल्विनच ना?" एमिलला ते ऐकू आले नाही. तो हसला. एकेक जण मागच्या दाराने सटकला. खरे सांगायला कोणीही थांबले नाही. दोन वाजले, तीन वाजले. मी पेटलेलीच होते. मला स्वतःहून विझता येत नाही.

चारच्या सुमाराला लोरेटा त्याच्यापाशी आली.

"एमिल, हेलन नाहीये. कोणीच नाहीये."

त्याने उजवा कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

रिकाम्या बारमध्ये तिला ओरडून सांगावे लागले. "पत्रं मी लिहिली!"

"सगळी?"

"सगळी."

त्याने मांडीवरच्या पिशवीकडे पाहिले. "आईला आपल्याजवळच ठेवू, असं लिहिलं होतं. तेही तूच?"

लोरेटाने होकारार्थी मान हलवली. एमिलने आपली पत्रे परत मागितली. आल्विनने ती काउंटरखालून काढून दिली. त्यांवर बिअरच्या ग्लासांची वर्तुळे उमटली होती. एमिलने ती खिशात घातली, पिशवी उचलली आणि दारात वळून विचारले,

"आईला मी काय सांगू?"



त्याने आईला सांगितले की हेलन आजारी पडली. म्हातारीने ते खरे धरले. दर रविवारी चर्चमध्ये ती मोठ्याने हेलनचे नाव घेऊन तिला बरे वाटू दे अशी प्रार्थना करायची आणि मागच्या बाकांवरची माणसे तोंडावर हात धरायची. सोमवारी बारमध्ये त्या प्रार्थनेची नक्कल व्हायची. हे सहा वर्षे चालले, म्हातारी जाईपर्यंत.

एमिल पुन्हा बारमध्ये आला नाही. पण गिरणीचा रस्ता आमच्यासमोरूनच जात होता. तो दुपारच्या पाळीला निघाला की कोणीतरी बटण दाबायचे आणि सगळे खिडकीशी गोळा व्हायचे. नव्या गिऱ्हाइकाला आधी ही गोष्ट सांगितली जायची, मग बटण दाबण्याचा मान त्याला मिळायचा. एमिल समोरच्या फुटपाथवरून खाली बघत जायचा. माझ्यावर किड्यांचे थर चढत गेले. ते पुसायला कोणी शिडी लावली नाही.

म्हातारीला पुरले त्याच्या दुसऱ्या दिवशीही बटण दाबले गेले. एमिलच्या दंडावर काळी फीत होती. त्या दुपारी लोरेटा कोळशाचे फावडे घेऊन बाहेर आली आणि खुर्चीवर चढली. आधी तिने स्वतःचे नाव फोडले, मग मासा. मला फार वेदना झाल्या. तरीही सांगते, माझ्या आयुष्यात मला माणसाकडून मिळालेली ती सर्वांत मोठी दया होती. आल्विनने विचारले तेव्हा, हात चुकला, एवढेच ती म्हणाली.

मग मी शेडमध्ये पडून राहिले. पेटीत उंदरांनी घर केले. आल्विन गेला, लोरेटा गेली, गिरणी बंद पडली. एमिल वृद्धाश्रमात वारला, असे शेडमध्ये सामान हलवणाऱ्या दोघांच्या बोलण्यातून मला कळले. त्यांतल्या एकाला त्याचे नाव आठवत नव्हते. पाटीवाला तो बहिरा, असे तो म्हणाला.

पुढे संग्रहालयाने मला बाहेर काढले. एका कुशल बाईने नव्या नळ्या वाकवून माझी अक्षरे आणि मासा पुन्हा घडवला. मला पुन्हा पेटवले त्या समारंभाला ऐंशी उलटलेला ड्वेन काठी टेकत आला होता. त्याने हेलनची गोष्ट रंगवून सांगितली. लोक डोळे पुसत हसले. मग ती छापून माझ्याशेजारी लावण्यात आली. 'एका प्रेमळ गावाची एक मिस्कील आठवण', असे तिचे शीर्षक आहे.

मित्रांनो, माझी निगा राखा अशी विनंती मी करणार नाही. मला आता रोज मऊ ब्रशने झाडतात. पण तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत असे कोणीतरी असेल, ज्याला एकदा सांगून कळत नाही आणि जे सगळे हसले की हसते. कधीतरी तुमच्या हाती बटण देऊन सगळे जण खिडकीशी गोळा होतील. तेव्हा हात मागे घ्या. काच मला दुसऱ्यांदा मिळाली. त्याला तो शनिवार दुसऱ्यांदा मिळाला नाही.

परवा शाळेची सहल आली होती. एका मुलीने शेजारचा मजकूर शेवटपर्यंत वाचला. ती हसली नाही. तिने बाईंना विचारले, "या माणसाचं नाव का नाही लिहिलं?" बाईंनी मजकुरावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि तिला पुढे चल म्हणाल्या.

एमिल व्राना, मुली. त्याचे नाव एमिल व्राना होते.