मुठीतली झालर

सुचित्राचा नवा फ्रॉक घरी आला तेव्हा सगळ्यांनी आधी त्याचं खोकंच पाहून घेतलं. झाकणाला पारदर्शक कागदाची खिडकी होती, आत पांढऱ्या जाळीची तीनपदरी झालर फुगून बसली होती आणि गळ्याच्या आतल्या बाजूला कंपनीच्या नावाची चकचकीत पट्टी शिवलेली होती. सहा वर्षांच्या सुचित्राने ती पट्टी बोटाने चाचपली आणि ताबडतोब खाली खेळायला पळाली. त्या संध्याकाळी त्यांच्या वाशीच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक मुलीला कळलं की बुद्धपौर्णिमेला सुचित्रा कंपनीचा फ्रॉक घालणार आहे.

तिच्या आईने, सुनीतीने, तो फ्रॉक खाडीपूल ओलांडून, दोन बसेस बदलून दादरहून आणला होता. दुकानदाराने तिच्यापुढे दोन फ्रॉक ठेवले होते. दिसायला दोन्ही सारखेच. तो म्हणाला, स्वस्तातल्याला अस्तर नसतं, जाळी पोरीच्या अंगाला टोचते. ह्याला आतून सुती अस्तर आहे, ताई, म्हणून तर भारी. सुनीतीला ते पटलं. खरं तर पटवून घ्यायला ती तयार होऊनच गेली होती. तिच्या लहानपणी तिचा पांढरा फ्रॉक मैद्याच्या गोणीचा असे. आईने कितीही उकळलं तरी गिरणीचा निळा शिक्का पाठीवर फिकट दिसत राही, आणि वंदनेला मागे बसलेल्या मुली तो वाचून हसत. पाठीवर काय लिहिलंय ते तिला स्वतःला कधीच वाचता आलं नव्हतं.

तिची सासू बयाबाई महाडकडची. तिने नातीसाठी मलमलचा फ्रॉक केव्हाच शिवून ठेवला होता, चांगला गोल घेराचा. नवं खोकं बघून ती एवढंच म्हणाली, "माझा पावसात घाल. लवकर वाळंल."

काळजी सुरू झाली ती दोन दिवसांनी. सुनीती ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कृत्रिम धाग्याच्या एका कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला होती. शेजारच्या विभागात शिवराम नावाच्या कामगाराच्या मनगटावर वितळलेल्या धाग्याचा थेंब पडला. त्याने सवयीने तो दुसऱ्या हाताने पुसू पाहिला आणि थेंबाबरोबर कातडीही निघून आली. सुनीतीने त्याच्या हातावर पाणी ओतलं, पट्टी बांधायला मदत केली, पुन्हा आपल्या टेबलाशी येऊन बसली. मग तिच्या मनात आलं, झालर ह्याच जातीची आहे.

आणि बुद्धपौर्णिमेला सुचित्राच्या हातात पेटती मेणबत्ती असणार होती. त्यांच्या सेक्टरच्या पत्र्याच्या विहारात दरवर्षी पाच मुली पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्त्या घेऊन फाटकापासून बुद्धमूर्तीपर्यंत ओळीने चालत येत. यंदा ओळीत पहिली सुचित्रा होती. विहाराला दोन बाजूंनी भिंती नव्हत्या आणि मे महिन्यात संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतोच.

घाबरून उपयोग नाही, आधी बघावं, असं तिने ठरवलं. रविवारी सकाळी नवरा नंदकुमार बाजारात गेल्यावर तिने गॅलरीत एक स्टीलची ताटली ठेवली, फ्रॉकच्या आतल्या शिवणीजवळून जाळीचा इवलासा तुकडा कापला आणि चिमट्यात धरून काडी लावली. तुकडा ज्योतीपासून अंग चोरून मागे सरकला, आक्रसला आणि विझला. टोकाला एक कडक मणी उरला. तिला हायसं वाटलं. मग तिने बयाबाईच्या मलमलच्या कापडातली उरलेली पट्टी घेतली. ती सरसर वर पेटत गेली आणि विझल्यावरही तिच्या कडेने ठिणगी चालत राहिली.

म्हणजे महागाचंच बरं. तिथे ती थांबली असती तर घरातली शांतता टिकली असती. पण फ्रॉक नुसत्या जाळीचा नाही, हे तिला सोडवेना. तिने अस्तर आणि जाळी एकत्र कापली आणि पुन्हा काडी ओढली. या वेळी जाळी मागे सरकली नाही. तिला सरकायला जागाच नव्हती. सुती अस्तर पेटलं, त्यावर जाळी वितळली, आणि वितळलेलं सगळं अस्तर शोषून घेऊन संथपणे जळत राहिलं. एक पेटता थेंब ताटलीत पडला आणि तिथेही जळतच राहिला. सुनीती बघत राहिली. वात आणि मेण. ज्या अस्तरासाठी तिने जास्त पैसे मोजले होते, तेच वात झालं होतं.

बयाबाई दारात येऊन उभी होती. "कापडं घालून बगतात," ती म्हणाली. "जाळून बगनारी तूच."

नंदकुमारला तिने संध्याकाळी सगळं सांगितलं. तो बेलापूरला सरकारी कार्यालयात कारकून होता आणि नव्या काळजीपेक्षा जुनी पद्धत त्याला सोयीची वाटे. त्याने ताटलीतला काळा डाग पाहिला आणि इतकी वर्षं काही झालं नाही, असं तो म्हणाला. इतकी वर्षं मुली सुती फ्रॉक घालत होत्या, हे सुनीतीने त्याला सांगितलं. मग ती विहाराची व्यवस्था बघणाऱ्या रावसाहेबांकडेही जाऊन आली. मुलींच्या हाती फुलं द्यावीत, मेणबत्त्या मोठ्यांनी लावाव्यात, असं तिचं म्हणणं. रावसाहेबांनी चहा पाजला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, ती ओळ बघायला लोक दिघ्याहून येतात.

शेवटी तिने मलमलचा फ्रॉक काढला. तोही पेटतो, पण निदान वितळून अंगाला चिकटत नाही. मात्र त्याचा घेर कमी करायला हवा होता. कापड कुठलंही असो, अंगाबाहेर फुगलेलं तेच आधी ज्योतीला लागतं. बयाबाईने मशीनवर बसून आपलीच शिवण उसवली आणि घेर निम्मा केला. दोरा तोडताना म्हणाली, "आता उशीच्या खोळीगत दिसंल पोर." सुचित्राने तो बघितला आणि रडायला सुरुवात केली. तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सुनीतीने तिला अस्तर, जाळी, थेंब सगळं समजावलं. सहा वर्षांच्या मुलीला त्यातलं एकच कळलं, की आई फ्रॉक देत नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वारा होताच. फाटकाशी मुलींना ओळीत उभं करत होते. सुचित्रा अरुंद, सरळ फ्रॉकमध्ये मान खाली घालून पुढे उभी राहिली. सुनीतीने तिच्या मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती लावून दिली, केस घट्ट बांधले, आणि मागे वळली तर ओळीतल्या तिसऱ्या मुलीच्या अंगावर तोच फ्रॉक. तीच तीनपदरी झालर, वाऱ्याने वर उठून खाली बसणारी.

ती मुलगी सुजाता, खालच्या मजल्यावरच्या सगुणाची. सुचित्राने आठवडाभर खेळताना ज्या फ्रॉकची बढाई मारली होती, त्याच नावाचा फ्रॉक सगुणाने दादरहून हुडकून आणला होता. ती शेजारीच उभी होती आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. तिने सुचित्राकडे एक नजर टाकली, मग सुनीतीकडे. "वहिनी, तुमचा कुठाय? शोधून शोधून तसाच आणला मी. दोघींचा जोड दिसंल म्हटलं."

आता काही बोललं तर त्याचा अर्थ काय होईल, हे सुनीतीला स्वच्छ दिसत होतं. आपल्या पोरीला घातला नाही आणि दुसरीच्या अंगावर बघवत नाही. पाठीवरचा शिक्का वाचणाऱ्या मुलींसारखीच ती ठरली असती. तेवढ्यात पहिली मेणबत्ती पेटली, मग दुसरी, मग सुजाताची. वाऱ्याने ज्योत आडवी झाली आणि झालर तिच्या दिशेने उचलली गेली.

वंदना सुरू झाली. ओळ निघाली. सुचित्रा पुढे गेली.

सुनीती तिच्यामागे गेली नाही. ती सुजाताच्या बाजूला गेली, वाकली, झालरीचे तिन्ही पदर एका मुठीत गोळा करून मागे ओढून धरले आणि तशीच अर्धी वाकून चालू लागली. बसलेल्या बायांमध्ये कुणीतरी हसलं. नंदकुमारने मान दुसरीकडे वळवली. सगुणा धावत बाजूला आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, सोडा ना. चुरगळतोय. काय करताय?"

"हा पेटला तर विझत नाही, सगुणा," सुनीती चालता चालता म्हणाली. "वितळून अंगाला चिकटतो. मी आमचाच जाळून बघितला."

सगुणाने तिच्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसला की नाही, हे सुनीतीला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही. दोन पावलं ती तशीच बरोबर चालली. मग दुसऱ्या बाजूला गेली आणि उरलेला घेर तिने आपल्या हातात गुंडाळून घेतला. मधोमध सुजाता, दोन्हीकडून दोन वाकलेल्या बाया, अशी ती ओळ विहारात शिरली. समोर कोण हसतंय हे आता सुनीतीला दिसत नव्हतं, आणि सुचित्राही दिसत नव्हती.

मूर्तीपाशी पोचल्यावर सुजाताने मेणबत्ती उभी केली तेव्हा सुनीतीने मूठ उघडली. जाळीची नक्षी तळहातावर लाल उमटली होती. तिने घाईने मान वर केली. सुचित्राची मेणबत्ती आधीच तिथे जळत होती, आणि सुचित्रा बयाबाईच्या मांडीवर बसून आईकडे टक लावून बघत होती. तिचा राग गेला होता असं नाही.

सगुणा झालर झटकून सरळ करत होती. सरळ होईना, चुण्या तशाच राहिल्या. "पुढच्या वर्षी हिच्या मापाचा नाही राहायचा," ती शेवटी कुणाकडेच न बघता म्हणाली. मग तिने बयाबाईला विचारलं, "आई, मलमल कुठून आणलीत?"