उन्हाळ्यातले साठ किलोमीटर

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. पेट्रोलची नव्हे, डिझेलची नव्हे, बॅटरीवर चालणारी. आता माझ्यात बॅटरीही नाही आणि मी चालतही नाही. पण मास्तर निवृत्त झाले तरी गाव त्यांना मास्तरच म्हणते, तसे माझेही. दिघोरीच्या राइस मिलमागे, धानाच्या तुसाच्या ढिगाशेजारी मी उभी असते. माझ्या टपावर कोंबड्या बसतात. एक तर मागच्या सीटवर अंडी घालते. घालो बिचारी. कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे, एवढेच समाधान.

१९८४ सालच्या चैत्रात नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात इंजिन नव्हते. बैठकीखाली एक लांब पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात सोळा बॅटऱ्या ओळीने बसवल्या होत्या. पांढरा रंग, त्यावर हिरवा पट्टा, आणि दारावर 'दवाखाना मंडळ, दिघोरी' अशी अक्षरे. मी गावात शिरले तेव्हा लोक माझ्या मागे वाकून धूर शोधत होते. धूर नाही, आवाज नाही, म्हणजे हिला आतून कोणी ओढते की काय, असाही एका म्हाताऱ्याला संशय आला होता.

मंडळाचे चिटणीस भैय्याजी. राइस मिल त्यांचीच, आणि रात्री माझ्या बॅटऱ्या तिथेच भरल्या जात. माणूस मनाने मोठा, पण त्यांना हार, फुले आणि भाषण यांची फार हौस. माझा चालक तुलाराम. काटकुळा, अबोल, पण माझ्याशी मात्र तो एकटाच बोलत बसायचा. पहिल्याच आठवड्यात, वैशाखाच्या उन्हात, त्याने मला एका दमात साठ किलोमीटर फिरवून आणले. परत येऊन छाती फुगवून म्हणाला, "भैय्याजी, साठ! पुऱ्या साठ!" भैय्याजींनी ते साऱ्या पंचक्रोशीला सांगितले. त्या दिवसापासून साठ हा आकडा मला चिकटला. कुणी आजपर्यंत त्याच्याबद्दल मला विचारले नाही.

माझी खरी कदर झाली ती डोळ्यांच्या शिबिरात. आमच्या भागात मोतीबिंदूची शिबिरे हिवाळ्यातच भरत. थंडीत जखम चिघळत नाही म्हणत, आणि धान कापून झाल्यावरच माणसाला आपल्या डोळ्यांकडे बघायची सवड मिळे. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बैलबंडीचा दचका बसू नये म्हणून मला पाठवत. मी हळू आणि मऊ चालायची. डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसे माझ्यात बसल्या बसल्या झोपी जात. त्या वेळी मला माझा जन्म सार्थकी लागल्यासारखा वाटे.

पण मित्रांनो, ज्या ऋतूत माझी गरज असे, त्याच ऋतूत माझे अंग आखडे. बॅटरीचा स्वभावच तसा. कडाक्याच्या थंडीत तिच्यातले रसायन आळसावते, आणि रात्रभर भरलेली वीजही ती पुरती देत नाही. साठाचे चाळीस होतात, नीट जपले नाही तर त्याहूनही कमी. हे मला ठाऊक होते, पण गाडीला तोंड कुठे असते?

पहिल्याच पौषात मी बोडीटोल्याला बंद पडले. बोडीटोला म्हणजे दिघोरीपासून बावीस किलोमीटरवरची दहा-बारा घरांची वस्ती. समोर शकुनबाईचे घर होते. शकुनबाई एकटी राहायची; लेक लग्न होऊन दिघोरीला गेलेली. लहानपणी देवी आल्या त्यात तिचा डावा डोळा गेला होता. उरलेल्या एका डोळ्याने ती सगळ्या वस्तीच्या वाकळी शिवायची. टाका इतका बारीक की दोन डोळेवाल्यांनी लाजावे.

"काय झालं रे तुलाराम? काऊन थांबली हे?" तिने विचारले.

"समजून नाही राहिलं, मावशी. रातभर भरली होती. बिघाड बी दिसत नाही."

शकुनबाई माझ्याजवळ आली. तिने पेटीवर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "बाप्पा! केवढी गार पडली! अरे, पुसाच्या महिन्यात गायले पोतं पांघरते माणूस. इले उघडीच ठेवतं का?"

तुलारामला हसू आले. पण ती थट्टा करत नव्हती. घरामागच्या ढिगातून तिने कवेत मावेल तेवढे तणीस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, आणले. पेटी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये बोटभर जागा होती, तिथे तिने ते ठासून भरले. मला उन्हाकडे तोंड करून उभी करायला लावले. तासाभराने मी चालू लागले आणि त्या दिवशी दिघोरी गाठली.

तेव्हापासून तुलाराम शहाणा झाला. रात्री तो मला मिलमध्ये धान उकडायच्या हौदाच्या भिंतीला लावून उभी करी, कारण ती भिंत पहाटेपर्यंत कोमट राहते. चार्जिंग सुरू असताना पेटीचे झाकण उघडे ठेवी, आत वायू साठू नये म्हणून. ते संपले की बॅटऱ्या ऊबदार असतानाच झाकण लावायचे, वर पांघरूण घालायचे आणि लगेच निघायचे. उतार आला की मला आपली आपण घरंगळू द्यायचे. चढ आला की पेशंट सोडून बाकीच्यांना खाली उतरवायचे. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत शकुनबाईने माझ्या पेटीच्या मापाची एक वाकळसुद्धा शिवून दिली. जुन्या लुगड्यांची, लाल आणि हिरव्या ठिगळांची. अशी बडदास्त कोणत्या गाडीची राहिली असेल?

एकदा भैय्याजींनी सहज विचारले होते, "तुलाराम, थंडीत काही फरक पडते का रे गाडीले?"

"काही नाही जी. साठ म्हणजे साठ."

तो खोटे बोलला. खोड सांगितली तर मला नागपूरला परत पाठवतील, अशी त्याला धास्ती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब. शकुनबाईला मात्र ते पटले नाही.

"सांगून टाक ना रे बाबू," ती म्हणाली. "हिवात माहे गुडघे बी चालत नाही. मी लपवते का कोणापासून? त्यात लाज कायची?"

तुलारामने मान हलवली. सांगितले मात्र नाही. त्याने माझी उणीव इतकी छान सांभाळली की मला उणीव आहे, हेच कुणाला कळले नाही. माया करणाऱ्यांकडून अशी चूक होते, मित्रांनो.

मग १९८७ चा पौष आला. शकुनबाईच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. सुईत दोरा ओवायला तिला शेजारच्या पोरींना हाक मारावी लागे. त्या वर्षी शिबिराचा डॉक्टर एकच दिवस येणार होता आणि दुपारी दोनपर्यंतच पेशंट घेणार होता. ती आदल्या दिवशी कुणाच्या तरी बंडीने निघणार होती. तुलारामनेच तिला अडवले.

"बंडीनं कायले हाडं खिळखिळी करून घेतं, मावशी? सकाळी मी स्वतः येतो. दहाच्या आत तुले डॉक्टरसमोर बसवतो का नाही, पाह्य."

तिच्या उपकाराची परतफेड करायला मिळणार म्हणून तो आनंदात होता. मीही होते. माझ्या बॅटऱ्या आता तीन वर्षांच्या झाल्या होत्या, पण बेचाळीस-चव्वेचाळीस किलोमीटर मी रेटले असते. जाऊन येऊन चव्वेचाळीसच होत होते.

सकाळी सात वाजता तुलाराम वाकळ घालून मला काढायला आला, तर भैय्याजी हार घेऊन उभे. शिबिराच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. भैय्याजींनी माझ्या टपावर कर्णा बांधला, त्याची तार माझ्याच बॅटऱ्यांना जोडली आणि पाहुण्यांना माझ्यात बसवले. गावातून मिरवणूक निघणार होती.

"भैय्याजी, मले बोडीटोल्याले जाचं होतं जी," तुलाराम चाचरत म्हणाला.

"मंग जा ना! गावात फिरून किती होते? सात-आठ किलोमीटर. साठातले बावन उरतेच ना?"

त्या क्षणी तुलारामने तोंड उघडायला हवे होते. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण तीन वर्षे जे झाकले ते पाहुण्यांच्या देखत कसे उघडे करायचे? त्याने मला सुरू केले. तासभर कर्णा ओरडत होता, थंडगार वारा पेटीत शिरत होता, आणि माझा जीव थेंबाथेंबाने कमी होत होता. गळ्यात मात्र झेंडूचा हार.

बोडीटोल्याला शकुनबाई तयार होऊन ओट्यावर बसली होती. स्वच्छ लुगडे, हातात पिशवी. "आली का माही गाय?" तिने माझ्या दारावरून हात फिरवला. काटा तेव्हाच अर्ध्याच्या खाली गेला होता. तुलारामने तो तिच्यापासून लपवला, जसा इतके दिवस साऱ्या जगापासून लपवला होता.

परतीच्या वाटेवर, दिघोरी नऊ किलोमीटर राहिली असताना, तलावाच्या पाळीवर मी थांबले. तुलारामने मला ढकलत उन्हात नेले. अर्धा तास थांबून पुन्हा सुरू केले. दमलेली बॅटरी विश्रांती मिळाली की थोडी सावरते. मी फर्लांगभर गेले आणि थांबले. पुन्हा अर्धा तास थांबलो आणि पुन्हा तितकेच गेले. मी काय सांगू मित्रांनो, मला त्या बाईसाठी धावायचे होते. आयुष्यात मला इतके कधी काही हवेसे वाटले नव्हते.

शकुनबाईने अंगावरची चादर काढून पेटीवर टाकली. "थांब जरा, दम खाऊ दे तिले," ती म्हणाली. स्वतः मात्र उन्हातसुद्धा कुडकुडत होती.

शेवटी तुलाराम बंडीसाठी पळाला. पण धानाच्या चुरण्याचे, मळणीचे दिवस ते. सगळ्यांचे बैल खळ्यात फिरत होते. सोमाजी नावाच्या एका शेतकऱ्याने चालू काम थांबवून आपली जोडी सोडली, तोवर एक वाजून गेला होता. शकुनबाई बंडीत चढली. दचके खात गेलेली ती बंडी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.

पुढचे मला संध्याकाळी तुलारामने सांगितले. तो मला बैलांनी ओढून न्यायला आला होता. चाकाजवळ बसला आणि माझ्याच हिरव्या पट्ट्याला डोके टेकवून रडला. ते पोचले तेव्हा तीन वाजले होते. डॉक्टर पुढच्या गावी निघून गेले होते. शाळेच्या पटांगणात मांडव सोडणे चालले होते. तुलारामने भैय्याजींना सगळे खरे सांगून टाकले. भैय्याजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मले सांगितलं असतं तं मी पायदळ फिरवलं असतं पाहुण्याईले. तू नाही सांगितलं, मले कसं समजन रे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः शकुनबाईला नागपूरला पाठवायची तयारी दाखवली. पण मोठ्या दवाखान्याची तिला भीती वाटली. "पुढच्या साली पाहू," ती म्हणाली.

पुढचे साल तिच्या डोळ्याने पाहिले नाही. ज्येष्ठ महिन्यात डोळा ठणकू लागला. लेकीने तिला नागपूरला नेले तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.

माझेही दिवस भरत आले होते. मंडळाकडे डिझेलची जीप आली. तिला थंडी वाजत नाही. तुलाराम आता तीच चालवतो, पण कोणी विचारण्याआधीच तिच्या साऱ्या खोडी सांगतो. लोक हसतात त्याला. माझ्या सोळाही बॅटऱ्या एके दिवशी शिशासाठी काढून नेल्या. पेटी रिकामी राहिली. वाकळ तेवढी कुणी नेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस असेल, एखादा थकलेला बैल असेल, निदान आजोबांची जुनी सायकल असेल. त्यांच्याकडून हिवाळ्यात उन्हाळ्याइतके अंतर मागू नका. आणि त्यांची ताकद कमी झाली असेल, तर ती मायेने झाकून ठेवू नका. चारचौघांत सांगा. त्यात कमीपणा नाही. मला तोंड असते तर मी त्या सकाळी पाहुण्यांच्या देखतच ओरडले असते.

शकुनबाई आता दिघोरीत लेकीकडे असते. गेल्या पौषात, एका सकाळी, तुलारामचा हात धरून ती मिलमागे आली. काखेत तणसाची पेंढी होती. कोंबड्या उडाल्या. तिने चाचपडत माझे दार शोधले, मग पट्टा, मग पेटी. झाकण उघडून तिने तणीस ठासायला हात आत घातला, आणि तो हात खालपर्यंत गेला. कुठेच काही लागले नाही.

तुलाराम दुसरीकडे बघू लागला. त्याने तिला हे सांगितले नव्हते.

मग तिने पेंढी सोडली, रिकाम्या पेटीत तणीस नीट पसरले आणि वरून आपली वाकळ चारी कोपरे चाचपून घातली.

"मावशी, आता त्यात काही नाही," तुलाराम म्हणाला.

"समजलं मले," शकुनबाई म्हणाली. "पण हिव तं वाजत असन ना रे तिले."