पुरातला बाप

डॅन्यूबकाठच्या उल्म गावाने मतदान करून संतपूजा न मानणारा नवा ख्रिस्ती पंथ स्वीकारला, तेव्हा सगळ्यात मोठा घोर लागला तो योब्स्ट छापखानेवाल्याला. श्रद्धेपायी नव्हे. संत क्रिस्तोफरचा नवाकोरा ठसा त्याच्याकडे पडून होता आणि संतांची चित्रं विकायला आता बंदी होती.

तो लाकडी ठसा अपोलोनियाने कोरला होता. नवरा गेल्यावर त्याची सुरी तिनेच हाती घेतली होती. नदी ओलांडणारा धिप्पाड संत, खांद्यावर बाळ येशू, हातात पालवी फुटलेली काठी. दोघांच्या डोक्यांमागच्या तेजोवलयांनीच तिचे आठ दिवस खाल्ले होते.

योब्स्ट ठसा काखेत मारून तिच्या दारात आला.

"बाई, ही वलयं तेवढी उडवा."

"मग राहिलं काय?"

"बाप. डॅन्यूबला पूर आलाय, बाप लेकराला वाचवतोय. ताजी बातमी."

"पूर कधी आला?"

"नदी म्हटली की येतोच कधीतरी."

"आणि काठीला पालवी?"

"ओलं लाकूड. फुटते."

आठ दिवसांचं तेज तिने अर्ध्या तासात खरवडून काढलं. डोळ्यांत पाणी आलं, पण सुरी घसरू दिली नाही.

"मालक, उद्या गाव पुन्हा पालटलं तर ही रेघ परत यायची नाही," ती म्हणाली. "लाकूड आहे हे, तुमची निष्ठा नव्हे."

बाजारात पहिला आला उट्झ नावाडी. चित्र पाहताच क्रूसाची खूण करायला त्याचा हात कपाळाकडे गेला, अर्ध्यावर थबकला आणि कान खाजवून खाली आला.

"पूर वाटतं?"

"पूरच," अपोलोनिया म्हणाली.

"आमची आई म्हणायची, सकाळी याचं तोंड पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण नाही."

"पुराचं?"

"पुराचंच," असं म्हणून त्याने दोन घेतली.

चार दिवसांत घरोघरी दाराच्या आतल्या बाजूला पूर चिकटला. शेवटी नवे धर्मोपदेशक स्वतः आले. रविवारीच त्यांनी मूर्तिपूजेवर दोन तास आगपाखड केली होती.

"गावावरच्या संकटांची माहिती ठेवणं माझं कर्तव्य आहे," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "एक बायकोसाठीही द्या. तिला रोज पलीकडच्या काठाला जावं लागतं."

अपोलोनियाने कागद गुंडाळून दिले. बऱ्याच दिवसांनी तिला हसू आवरेना.

संध्याकाळी योब्स्ट संत कॅथरीनचा ठसा घेऊन हजर. राणीचा मुकुट, शेजारी तिच्या छळासाठी आणलेलं मोडकं चाक.

"हिचं काय करायचं?" अपोलोनियाने विचारलं.

"मुकुट काढा," योब्स्ट म्हणाला. "गाडीचा अपघात."