चिठ्ठीखालचा इब्ने हैसम

“सर, गेल्या वर्षापर्यंत प्रकाशाचा शोध इब्ने हैसमनं लावला होता. यंदा कुणी लावला?”

भर वर्गात विचारलं मी. पैज बाकावरच्या मालतीची. “हौ गे, नुस्ती बोलतीस. विचार की! डरतीस का?” डरते माझी जुती.

हिम्मतराव मास्तर लालबुंद झाले. जुनी राजवट घालवणाऱ्या पोलीस ॲक्शनपर्यंत हेच मास्तर शेरवानी घालून “हज़रत इब्ने हैसम” म्हणताना डोळे मिटायचे. हजारेक वर्षांपूर्वीचा बसऱ्याचा माणूस. खलिफानं त्याला नील नदी अडवायला सांगितली. ते होणार नाही हे कळल्यावर त्यानं म्हणे वेडाचं सोंग घेतलं आणि घरात कोंडलेला असताना प्रकाशावर ग्रंथ लिहिला: डोळ्यांतून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून ते डोळ्यांत येतात. हे आम्हाला मास्तरांनीच घोकायला लावलेलं. मग शेरवानी गेली, गांधी टोपी आली आणि एका तासाला आम्ही सगळ्या पोरींनी खळ कालवून उर्दू पुस्तकातल्या त्या नावावर नागरी चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘प्राचीन ऋषी’. कोणते ऋषी? मास्तरांनाच ठाऊक नाही!

“बस खाली,” मास्तर ओरडले. “ऋषींच्या डोळ्यांतून तेज निघायचं. त्या तेजानं त्यांना दिसायचं.”

घ्या! नाव झाकता झाकता शोधही झाकला. त्या बिचाऱ्यानं जे खोडलं, तेच हे शहाणे शिकवत होते.

“मग रात्री ऋषींना दिवा कशाला लागायचा, सर?”

पोरी फिसकन हसल्या. मी उठून दार लावलं, खिडक्या लावल्या. रस्त्याकडच्या खिडकीच्या फळीला एक भोक आहे, हे आम्हाला पहिलीपासून माहीत. वर्ग काळोखा झाला आणि समोरच्या भिंतीवर आमच्या गौलीगुडा मोहल्ल्याचा उन्हातला रस्ता उमटला, उलटा. घोड्याचे पाय वर, टांगेवाला खाली डोकं. तो टांगा सरकत सरकत मास्तरांच्या पांढऱ्या टोपीवर चढला.

“हे तेज कुणाच्या डोळ्यांतून निघालं, सर?”

मास्तरांनी टोपी झटकली. टांगा झटकून जातो का!

संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर हजर. “नामदेवराव, पोरीला गणित-सायन्स नक्को. जीभ फार चालते. उद्या विषयांच्या फॉर्मची शेवटची तारीख, शिवणकाम लिहा.” आणि माझे वडील, आमचे नाना, सरकारी दफ्तरातले, ज्यांची स्वतःची शेरवानी डांबराच्या गोळ्यांत ट्रंकेच्या तळाशी निजलीय आणि डोक्यावर आता गांधी टोपी आहे, ते म्हणाले, “हौ मास्तर, तुम्ही म्हणाल तसं.” दोन टोप्या एकमेकींकडे बघून माना हलवत होत्या. मला तर किळस आली.

मास्तर गेल्यावर मी पुस्तकावर पाण्याचं बोट फिरवलं. खळ सुटली, चिठ्ठी निघाली. खाली हैसम जिथल्या तिथे. मग शाई घेतली, फॉर्म भरला आणि आई-नाना जेवत होते तिथे जाऊन उभी राहिले.

“आता काय गं?” आई म्हणाली.

“मी गणित आणि सायन्स लिहिलंय. सकाळी मोठ्या बाईंच्या हातात मी स्वतः नेऊन देणार. नाना, हात धुतल्यावर सही करा. नाही केलीत तर उद्यापासून शाळा बंद, पण सुई मी हातात धरणार नाही.”