अर्धी खरवडलेली गिटार

दादाचा फोन आला तेव्हा बेबी ओटा पुसत होती. साठी उलटली, डोक्यावरचे केस पांढरे झाले, तरी माहेरच्यांसाठी ती बेबीच होती.

"बेबी, तुझी गिटार सापडली."

तिने फडकं ओट्यावर आपटलं. "माझी कुठली? माझी तर तू विकलीस."

"तीच गं, तीच. माझ्या गॅरेजमध्ये आलीय. निघ लवकर. आणि हे बघ, भांडत येऊ नकोस."

"भांडत नाही येत. आल्यावर भांडते."

बसमध्ये खिडकीशी बसून ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. इतक्या वर्षांत ती कितीदा तरी जुळवली होती, पण दादासमोर उभं राहिलं की रागाने तिची जीभच अडखळायची आणि भलतंच काहीतरी, भाजी महाग झाल्याबद्दल वगैरे, बोललं जायचं.

टेलिफोन खात्यात लागल्यावर जादा पाळ्या करून तिने ती गिटार एका खलाशाकडून घेतली होती. परदेशी बनावटीची, विजेवर वाजणारी, उथळ पाण्यासारख्या हिरवट रंगाची. आठवडाभर लोकांचे नंबर जोडायचे आणि रविवारी ऑर्केस्ट्रात उभं राहायचं. ऑर्केस्ट्रातले पुरुष आधी तोंडावर हात ठेवून हसले, मग हात खाली घेऊन ऐकू लागले. पुढे लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला ती दवाखान्यात असताना दादाने गिटार विकली आणि गॅरेजसाठी रंग फवारायचा कॉम्प्रेसर आणला. "आता तुझे हात बाळात गुंतणार, ती नुसती धूळ खात पडली असती," हे त्याने तिच्या खाटेशेजारी बसून सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्यासाठी आणलेल्या फळांतलं एक सोलून खाल्लं. तिला टाके होते, म्हणून तो वाचला.

नवरा होता तोवर म्हणायचा, दुसरी घे. दुसरी तिला नको होती.

गॅरेजचं दार अर्धं वर होतं. आत कॉम्प्रेसर धडधडत होता, तोच. हल्ली दादाकडे गाड्या कमी आणि शेठचं सामान जास्त असायचं. शेठ म्हणजे जुन्या सामानाचा दुकानदार. लोकांची घरं रिकामी करायची, कपाटं-पलंग दादाकडे धाडायचे, रंगून चकाचक झाले की विकायचे, असा त्याचा धंदा. तशाच एका खेपेत कपाटाच्या पोटातून गिटार निघाली होती.

"बटणावरून ओळखली," दादा खुशीत म्हणाला. "तू ते रेडिओचं बटण बसवलं होतंस ना? तस्संच आहे! बघ."

तिने पाहिलं. छताच्या हुकाला तारेने गिटार टांगली होती, आणि तिची उजवी बाजू उघडी पडली होती. रंग नाही, काही नाही. नुसतं फिकट लाकूड. खाली जमिनीवर हिरवट पावडर सांडली होती. दादाच्या हातात पॉलिश पेपर होता.

"हे काय केलंस?"

"अजून अर्धं व्हायचंय. म्हटलं, शेठकडून घेऊन तुला नवीकोरी करून द्यावी. इथे वरच्या कडेला तर फारच खराब झाली होती, सगळा रंग उडालेला. आधी तेच साफ केलं."

वरच्या कडेला तिचा हात टेकायचा. तिथला रंग तिच्याच हाताने झिजला होता, एकेक रविवार करत. बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? कुणी? एकदा विकलीस तेव्हा विचारलं नाहीस, आता सोलतोयस तेव्हाही विचारलं नाहीस! मी काय मेले होते?"

"अगं, रंग जुना झाला होता..."

"मीही जुनी झालेय! मलाही घे घासायला!"

दादा पॉलिश पेपर हातात चुरगाळत उभा राहिला. चांगलं करायला जावं आणि बोलणी खावीत, असा भाव त्याच्या तोंडावर होता, आणि त्या भावानेच तिचा राग आणखी भडकला.

एवढ्यात दाराखालून वाकून शेठ आत आला. त्याच्यामागून एक उंच, चष्मेवाला गृहस्थ आला. हा जुन्या गिटारींचा शौकीन. गिटार निघाली त्या दिवशीच शेठने पाठवलेला फोटो पाहून खास बाहेरगावाहून आला होता.

"या साहेब, या. आपण फोनवर जो आकडा ठरवला..." आणि शेठने तो आकडा मोठ्याने उच्चारला. बेबीने मनात हिशोब केला. तेवढ्या पैशांत तिच्या घराची सगळी दारं-खिडक्या बदलून झाली असती. पेन्शनवर जगणाऱ्या बाईने ती गिटार नुसती लांबून बघावी, एवढाच त्याचा अर्थ होता.

चष्मेवाल्याने मात्र गिटारीकडे पाहिलं आणि तो दारातच थबकला.

"हे कोणत्या गाढवाने केलं?"

दादाने पॉलिश पेपर पाठीमागे नेला.

"अहो, मूळ रंगाचे तर पैसे होते! उडालेला, तडकलेला, कसाही असो, कारखान्यातला रंग हवा. नुसतं लाकूडच घ्यायचं तर मी वखारीत गेलो असतो!"

शेठ दादावर उलटला. "काय रे, गिटारीला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. गाडीतलं सामान उतरवताना म्हणालात, एकूण एक वस्तू नवी करून दे."

"अरे, कपाटं म्हणालो मी!"

"एकूण एक म्हणालात."

म्हणाला होता. शेठच्या तोंडावरूनच ते कळत होतं. चष्मेवाला "फुकट हेलपाटा पडला" असं पुटपुटत निघून गेला. त्याच्यामागे शेठ रस्त्यापर्यंत धावला, भाव करत निम्म्या किमतीवर आला, निम्म्याच्याही खाली आला, आणि शेवटी घाम पुसत एकटाच परतला.

"किती म्हणालात शेवटी त्यांना?" बेबीने विचारलं.

शेठने तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. त्याचे डोळे बारीक झाले. "अच्छा! भाऊ रंग काढणार, भाव पडणार, बहीण येऊन उचलणार. झकास जमवलंत की दोघांनी!"

"याच्याशी? याच्याशी जमवलं?" तिचा आवाज चढला तसा दादाने कॉम्प्रेसर बंद केला, त्याची आता गरजच नव्हती. "अहो, मी याच्याशी धड बोलतसुद्धा नाही! माझी वस्तू याने माझ्या नाकावर टिच्चून विकली. त्या पैशांतून आलेलं हे धूड तुमची कपाटं रंगवतंय. आणि तुम्ही मला त्याच्या जोडीला बसवता? पुन्हा म्हणून बघा!"

शेठने पुन्हा म्हणून बघितलं नाही. तिने शेवटच्या आकड्याहून आणखी कमी सांगितलं. "अर्धी खरवडलेली आहे. दुसरं कोण घेणार? कपाटात ठेवा परत."

"घ्या ताई, घ्या," शेठ हात जोडून म्हणाला. "सोबत तो स्पीकरचा डबाही न्या, त्याच घरातून आलाय. पण इथला आवाज बंद करा."

दादाने घाईघाईने पाकीट काढलं.

"ते आत ठेव."

"अगं, पण बेबी..."

"आत ठेव म्हटलं ना!"

तिने आपल्या पर्समधून पैसे दिले. गिटार तारेवरून सोडवून छातीशी धरली. उघडं लाकूड मनगटाला खरखरीत लागलं. शेठ निघून गेला. मग दादाच्या डोक्यात काहीतरी उजाडलं, आणि ते उजाडताना तिला स्पष्ट दिसलं.

"म्हणजे बघ हं, बेबी. मी रंग काढला नसता, तर ती तुला..."

"बोलू नकोस."

"नाही, मी एवढंच म्हणतो, की एका अर्थी माझ्यामुळेच..."

"दादा, एक शब्द पुढे बोललास तर ही गिटार तुझ्या डोक्यात घालेन, आणि मग तिची किंमत आणखी उतरेल!"

तो जे म्हणत होता ते खरं होतं, हेच तर तिला सहन होत नव्हतं. इतकी वर्षं सांभाळलेला राग, आणि आता त्यात उपकाराचा खडा. तिने स्पीकरच्या डब्याकडे बोट दाखवलं. "उचल तो."

डबा जड होता. बसमध्ये दादाने तो मांडीवर घेतला, कारण खाली ठेवायला तिने परवानगी दिली नाही. तिच्या इमारतीच्या जिन्यात तो कठड्याला धरून थांबला.

"जरा टेकू का?"

"कॉम्प्रेसर आणलास तेव्हा टेकला होतास?"

घरात डबा कोपऱ्यात ठेवला गेला. तिने वायर जोडली, बटण फिरवलं. डबा गुरगुरला. तारा गंजलेल्या, सूर लागलेला नाही, बोटं ताठरलेली. पहिला आघात इतका वाईट निघाला की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. ती दुसऱ्यांदा वाजवायला गेली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बोटं आपसूक जाऊन बसली.

दादा अजून दारातच उभा होता. शर्ट घामाने चिंब, दोन्ही हात रिकामे. तिने 'बस' म्हणावं याची वाट पाहत होता. तिने म्हटलं नाही.

"मग... उरलेला रंग? राहू दे तसाच?"

"हात लावून बघ."

"बरं. निघतो मी."

तो दोन पायऱ्या उतरला असेल, तेव्हा तिने मागून हाक मारली.

"दादा! उद्या ये. आज माझं निम्मंही बोलून झालं नाही."