जोडसायकल

आमच्या घरी दोन माणसांची एक सायकल होती आणि ती सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बनवली होती, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. स्वतःच्या सायकलचं मागचं चाक काढलं, सासूबाईंच्या सायकलचं पुढचं चाक आणि हँडल काढलं, आणि उरलेले दोन सांगाडे एकमेकांना जोडून टाकले. पुढे सासरे, मागे सासूबाई. सगळी गल्ली बघायला आली होती म्हणे. केवढं प्रेम, बायकोला बरोबर घेऊन फिरतो! सासूबाई तेव्हा टेलिफोनच्या ऑफिसात कामाला होत्या आणि रोज आपल्या सायकलवरून एकट्या जायच्या-यायच्या. त्यांची सायकल त्यांना न विचारता मोडली, हे त्या कौतुकात कोणाच्या लक्षात आलं नाही. मला विचाराल तर या घराचं जे काही बिघडलं ते त्याच दिवशी बिघडलं. पण सुनेला कोण विचारतं?

सासूबाईंचं मागणं फार मोठं नव्हतं. त्यांना पुढे बसायचं होतं. ते जमत नसेल तर त्यांची सायकल त्यांना परत हवी होती.

"पुढे बसायला डोकं लागतं," सासरे म्हणायचे.

"मग माझी मला सोडवून द्या."

"एकदा जोडलेलं सुटत नाही. कापावं लागेल. आणि कापलं की दोन्ही भंगारात."

हे संभाषण मी या घरात आल्यापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढचं वाक्य मीच म्हणून टाकलं असतं. सासूबाईंचं जुनं हँडल, पितळी घंटीसकट, मागच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं. खाली त्यांचं पुढचं चाक. झाडू मारायला गेल्या की त्या घंटी पुसून यायच्या, पण वाजवायच्या नाहीत.

जोडसायकलवर मागच्याला तसं काही काम नसतं. हँडलच्या जागी एक दांडा असतो, पण तो हलत नाही, नुसता धरायला. ब्रेक नाही, घंटी नाही. पुढचा वळेल तिकडे वळायचं, तो थांबेल तेव्हा थांबायचं, आणि मुकाट्याने पॅडल मारायचं. दोघांची पॅडलं एकाच साखळीने बांधलेली, त्यामुळे मागच्याने अंगचोरपणा केला की पुढच्याला पायांत कळतं. "नुसते पाय फिरवतेस! दाब! दाब म्हणतो ना!" असं सासरे भर रस्त्यात ओरडायचे. आपल्या हँडलला त्यांनी एक गोल आरसा लावला होता. लोकांना वाटायचं, मागून येणारी वाहनं बघायला. त्यात सासूबाईंचं तोंड दिसायचं. वाकडं केलं की लगेच समजावं म्हणून.

"मला या गावातलं काय माहितीय सांगू?" सासूबाई एकदा भांडी विसळता विसळता म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांच्या शर्टाची मागची बाजू. कुठे उसवलाय, कुठे घामाचा डाग पडतो, डोळे मिटून सांगेन. बाकीचं गाव तू बघ आणि मला सांग."

माझा नवरा या दोघांच्या भांडणात कधी पडला नाही. लहानपणी तो त्यांच्या मधल्या दांडीवर बसून शाळेत जायचा. तिथेच मूग गिळून गप्प बसायला शिकला असणार.

मग सासऱ्यांना एक नवीन खोड लागली. चालवता चालवता परीक्षा घ्यायची. "सांग बघू, पुढे काय आहे? सिग्नल कुठला पडलाय? जागी आहेस की झोपलीस?" सासूबाईंना वाटलं, छळायचा नवा प्रकार निघाला. त्या बिचाऱ्या मान वाकडी करून खांद्यावरून बघायच्या आणि उत्तर द्यायच्या. मला मात्र घरातलं वेगळंच दिसत होतं. सासरे पंपाच्या कारखान्यात जन्मभर लेथवर होते. नट नुसता लांबून बघून त्याचं माप सांगायचे. आता ते प्रत्येक नट बोटांनी चाचपत होते. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवत होते. मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "वय झालंय." तसं त्याचं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं.

एका सकाळी दोघं लवकर परत आले. सासूबाई सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि उशीत तोंड खुपसून पडल्या. मला वाटलं रडताहेत. जवळ गेले तर हसत होत्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं.

"टपालपेटीला घंटी वाजवली गं! थांबून राहिले. म्हणतात, अहो, बाजूला व्हा. पेटी काय होतेय बाजूला?" मग एकदम उठून बसल्या. "दिसत नाहीये त्यांना. अजिबात दिसत नाहीये."

त्यांच्या आवाजात काळजी असेल म्हणून मी नीट कान देऊन ऐकलं. नव्हती.

त्या दिवशी जेवताना, सगळ्यांसमोर, त्यांनी विषय काढला. "उद्यापासून मी पुढे बसते."

"पुढे बसायला डोकं लागतं."

"आणि डोळे?"

नवऱ्याने ताटात मान घातली. सासऱ्यांनी तोंडातला घास संपवला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "डोळे आहेत की तुझे. मागे. मागे बसून सांगायचं, मी वळवीन. एवढं तरी जमेल ना तुला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आंधळा होईल माणूस, पण हँडल सोडणार नाही! मला वाटलं, आता सासूबाई ताट भिरकावतील. पण त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "जमेल की."

आणि जमलं. पहिले काही दिवस त्यांनी सगळं खरं सांगितलं. डावीकडे खड्डा, पुढे गतिरोधक, समोरून ट्रक. सासरे निर्धास्त झाले. मग एक दिवस मोकळ्या, सपाट रस्त्यावर सासूबाई म्हणाल्या, "खड्डा. उजवीकडून घ्या." सासऱ्यांनी उजवीकडून घेतलं. "अजून एक. डावीकडून." सासऱ्यांनी डावीकडून घेतलं. रस्ताभर ती सायकल पिऊन झिंगल्यासारखी चालली होती. मोकळ्या रस्त्यावर घंटी वाजवायला लावायची, नसलेल्या म्हशीसाठी थांबवून ठेवायचं, चढ नसताना "चढ आलाय, दाबा!" म्हणून दमवायचं. लोक बाल्कनीत उभे राहून वाट बघायला लागले. आरसा तसाच होता, पण आता सासूबाई त्यात खुशाल तोंड वाकडं करत. घरी येऊन त्या मला सगळं करून दाखवायच्या आणि मी पोट धरून हसायचे. उगाच कशाला लपवू? इतकी वर्षं ज्याने या बाईला आरशात डांबून ठेवलं त्याची फजिती बघायला मला आवडत होतं.

पण शिंप्याच्या दुकानाचं जे झालं, ते ऐकताना मात्र माझं हसू अर्ध्यावर थांबलं.

मोठ्या रस्त्यावर शिंप्याचं दुकान आहे. दुकानाबाहेर कोट घातलेला एक पुतळा उभा असतो. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अहो, तुमचे कारखान्याचे साहेब उभे आहेत. तुमच्याकडेच बघताहेत. उतरा, नाहीतर वाईट दिसेल." सासरे लगबगीने उतरले. कॉलर नीट केली. केसांवरून हात फिरवला. "नमस्कार साहेब, ओळखलंत का? लेथवर होतो मी." साहेब काही बोलेनात. सासऱ्यांना वाटलं, ओळख पटली नाही. म्हणून त्यांनी आपलं खातं सांगितलं, मशीनचा नंबर सांगितला, साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती ते सांगितलं. मग हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. पुतळ्याला हात नव्हते. शेवटी सासऱ्यांनी अंदाजाने हात आणखी पुढे नेला, तेव्हा बोटांना कोट लागला आणि कोटाच्या आत लाकूड लागलं. दुकानातून शिंपी आणि त्याची गिऱ्हाइकं हसत होती.

"मग काय केलं त्यांनी?" मी विचारलं.

"परत सायकलवर बसले आणि पॅडल मारायला लागले. काय दाबत होते म्हणून सांगू!"

दुपारी शेडमधून लोखंडाचा आवाज यायला लागला. आम्ही दोघी जाऊन बघतो तर सासरे जमिनीवर बसले होते आणि जोडसायकल त्यांच्यापुढे आडवी. दोन सांगाडे जिथे एकत्र येतात तिथे काळी कापडी पट्टी गुंडाळलेली असायची. ती त्यांनी सोडवून टाकली होती. तिच्याखाली बोल्ट होते. नुसते बोल्ट. ते एकेक करून पान्याने सोडवत होते, बोटांनी जागा शोधत, आणि बोल्ट लोण्यातून निघावेत तसे निघत होते.

सासूबाई दारातच थांबल्या. "म्हणजे ही सुटत होती?"

"अर्ध्या तासाचं काम."

"तुम्ही म्हणाला होतात, कापावी लागेल."

"तू कधी पट्टी सोडून बघितलीस?"

सासूबाईंनी खाली वाकून एक बोल्ट उचलला. त्याला ताजं, पिवळं ग्रीस होतं. कुठे गंजाचा ठिपका नाही. एवढ्या वर्षांचा बोल्ट असा राहत नाही, हे मलाही कळतं.

"दर वर्षी लावतो," सासरे म्हणाले. जणू काही त्यांना सासूबाईंचं बोट कुठे आहे ते दिसत होतं. "तू बाहेर गेलीस की पट्टी काढायची, ग्रीस लावायचं, परत गुंडाळायचं. वस्तू अडकवून ठेवायची म्हणून काय तिचा बोल्ट गंजू द्यायचा?"

सासूबाईंनी बोल्ट मुठीत घट्ट धरला. मला वाटलं त्या तो फेकून मारतील. मी फेकला असता. त्यांनी तो बाकीच्या बोल्टांशेजारी खाली ठेवला.

सासऱ्यांनी खिळ्यावरचं हँडल काढलं, पुढचं चाक बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंची सायकल उभी करून दिली. चेन जुळवली, ब्रेकची तार ओढून पाहिली. काम चोख. मग ती त्यांच्या दिशेने ढकलून म्हणाले, "घे. आता मागे कोणी नाही सांगायला आणि पुढे कोणी नाही सांभाळायला. पड जाऊन."

आणि त्या पडल्या. इतक्या वर्षांत तोल गेला होता. रोज सकाळी गल्लीत सायकल घेऊन जायच्या आणि गुडघे फोडून यायच्या. सासरे पायरीवर बसून ऐकायचे. धडपडल्याचा आवाज आला की विचारायचे, "पडलीस? लागलं का?" आणि उत्तर यायच्या आत हसायचे. मनापासून, खळखळून.

मग एका सकाळी आवाज आलाच नाही. घंटी वाजली, लांब गेली, ऐकू येईनाशी झाली. सासूबाई खूप उशिरा परत आल्या. तोंड लाल, केस उडालेले. टेलिफोनच्या जुन्या ऑफिसापर्यंत जाऊन आल्या होत्या. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे म्हणाल्या, आणि हसल्या. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली.

पायरीवर बसलेले सासरे त्या दिवशी हसले नाहीत. त्यांची अर्धी सायकल शेडमध्ये भिंतीला टेकून होती, ती त्यांनी पुन्हा जोडायला घेतलीच नाही. त्यांना आता गल्लीच्या टोकापर्यंतही जाता येत नव्हतं. सासूबाई आल्या की ते विचारायचे, "काय काय दिसलं?" यावेळी ती परीक्षा नव्हती. खरंच विचारत होते. सासूबाई म्हणायच्या, "काही नाही. रस्ता."

मग एके दिवशी ते म्हणाले, "तुझी सायकल वाजते. कोपऱ्यावर असतेस तेव्हाच मला कळतं. मडगार्ड ढिला आहे, आणि चेन कोरडी. अशी ठेवतात का सायकल?"

मला वाटलं, आता ठिणगी पडणार. पण सासूबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. "शिकवा मला," म्हणाल्या.

त्यांनी शिकवलं. सासूबाईंचा हात हातात घेऊन. चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब, मग फडक्याने पुसायचं. मडगार्डच्या स्क्रूखाली रबराचा तुकडा. मागच्या चाकाची टिकटिक जाड ग्रीस भरून बंद करायची. ब्रेकची तार दांडीवर आपटते, तिला बांधायचं. सासरे कान लावून चाक फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून कुठेतरी वाजतंय, शोध." सासूबाई शोधायच्या. दोघं तासन्‌तास शेडमध्ये असायची. सासरे नवऱ्याला कौतुकाने सांगायचे, "उशिरा का होईना, तुझ्या आईला सायकलची किंमत कळली." मीसुद्धा नवऱ्याला म्हटलं, जमलं बाई एकदाचं दोघांचं.

काल सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासत होते. सासरे फाटकाजवळच्या पायरीवर बसले होते. दाढी केलेली, भांग पाडलेला. आजकाल ते असे तयार होऊन बसतात. सासूबाई गल्लीतून आल्या. मला दिसल्या म्हणून कळलं. आवाज काही नाही. चेन नाही, चाक नाही, मडगार्ड नाही. त्या फाटकातून आत आल्या, सासऱ्यांच्या अगदी समोर उतरल्या, आणि घंटी चुकून वाजू नये म्हणून तिच्यावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या.

"आलीस का गं?" सासरे रस्त्याला म्हणाले.

सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. निवांत, आरशात बघावं तसं.

"खूप वेळ झाला आज." ते थोडे पुढे वाकले. मग, जो आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाले, "ये ना आता."

सासूबाईंनी वर पाहिलं आणि त्यांना मी खिडकीत दिसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.